परराज्यात बिऱ्हाड हलविताना : चिकपेटमधील मराठी कुटुंबे, मालमोटारीचे भाडे आणि बिल्टीचे महत्त्व

बेंगळुरू (विशेष संदर्भलेख) : नोकरीतील बदली, व्यवसायातून निवृत्ती, मुलांचे शिक्षण किंवा गावाकडच्या घराची ओढ यांपैकी कोणत्याही कारणाने एका राज्यातील संसार दुसऱ्या राज्यात हलविण्याची वेळ आली, की पहिला प्रश्न मालमोटारीच्या भाड्याचा असतो. भाडे किती, हे प्रत्येक जण विचारतो. वाटेत सामान मोडले, हरवले किंवा अडवून ठेवले गेले तर भरपाई किती मिळेल, हे मात्र फार थोडे विचारतात. सामानाचे मूल्य आणि वाढीव जोखमीचा दर आधी लिहून दिलेला नसेल, तर वाहकाचे दायित्व भारतीय कायद्यानुसार भाड्याच्या दहापटीपुरते मर्यादित राहते. हा एक नियम ठाऊक असला, तरी व्यवहार ठरविण्याची पद्धत बदलते.

बेंगळुरूतील चिकपेट आणि त्याच्या आसपासच्या पेठांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय नेहमीचा आहे. त्यांच्या वाटेचा आधार घेऊन, आंतरराज्य स्थलांतरासाठी मालवाहन ठरविण्याची पद्धत, कायदेशीर तरतुदी आणि घ्यावयाची दक्षता यांची माहिती येथे दिली आहे.

पेठ आणि मराठी माणूस

केंपेगौडा पहिले यांनी १५३७ साली बेंगळुरूची पायाभरणी केली, असे मानले जाते. त्या मूळ वसाहतीतील दोन प्रमुख रस्ते म्हणजे चिक्कपेटे आणि दोड्डपेटे, अर्थात छोटी पेठ आणि मोठी पेठ. त्यांपैकी मोठी पेठ आज अॅव्हेन्यू रोड या नावाने ओळखली जाते. छोट्या पेठेने आपले नाव टिकविले असून रेशमी साड्या आणि कापडाच्या घाऊक व्यापारासाठी ती दक्षिण भारतात प्रसिद्ध आहे. बळेपेट, अक्कीपेट, तरगुपेट, नगर्तपेट, कॉटनपेट या शेजारच्या पेठाही आपापल्या व्यापारावरून ओळखल्या जातात.

या परिसराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १६३८ साली आदिलशाही फौजांनी बेंगळुरू जिंकल्यानंतर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांचा निवास आजच्या चिकपेट परिसरातील गौरीमहालात होता, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे १६८७ साली बेंगळुरू म्हैसूरच्या वोडेयर राजांकडे गेले, तरी मराठी भाषक कुटुंबे येथे राहिली.

अलीकडच्या काळातील मराठी वस्तीचे एक ठळक कारण म्हणजे सोन्या-चांदीची गलाई. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांमधून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत स्थिरावले. चिकपेट आणि नगर्तपेटच्या गल्ल्यांमध्येही ते आहेत. दुकान बेंगळुरूला आणि घर विट्याच्या आसपास, असे त्यांचे दुहेरी जीवन असते. त्यामुळे संसार नेणे आणि आणणे हा त्यांच्यासाठी एकदाच घडणारा प्रसंग नसतो. तरुणपणी दोन पेट्या घेऊन आलेल्या माणसाला तीस वर्षांनी निघताना मात्र पूर्ण ट्रक लागतो.

'भाड्याने घेणे' याचा भारतीय अर्थ

अमेरिकेत घर हलविणारे कुटुंब मालमोटार भाड्याने घेऊन ती बहुधा स्वतःच चालविते. 'यू-हॉल' ही १९४५ साली सुरू झालेली कंपनी या पद्धतीमुळेच मोठी झाली. भारतात ही पद्धत रुजलेली नाही. येथे ट्रक भाड्याने घेणे म्हणजे चालकासह वाहन ठरविणे होय. असे वाहन साधारणतः चार मार्गांनी मिळते.

पहिला मार्ग म्हणजे ट्रक किंवा टेम्पोच्या मालकाशी थेट व्यवहार. भाडे कमी पडते. बांधाबांध, चढविणे आणि उतरविणे कुटुंबाने करावे लागते. दुसरा मार्ग वाहतूक कार्यालयाचा. ते दलालामार्फत वाहन मिळवून बिल्टी देतात. तिसरा मार्ग 'पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावाने चालणाऱ्या संपूर्ण सेवेचा. त्यात बांधणी, हमाली, वाहतूक आणि मांडणी एकत्र असते. चौथा मार्ग मोबाइलवरील मंचांचा. २०१४ साली सुरू झालेली 'पोर्टर' आणि २०१५ साली सुरू झालेली 'ब्लॅकबक' या दोन्ही कंपन्या बेंगळुरूशी निगडित आहेत.

यातही पूर्ण गाडी आणि भागीतील माल असा भेद आहे. पूर्ण गाडीत एकाच कुटुंबाचे सामान असते, कुलूप एकदाच लागते आणि एकदाच उघडते. भागीतील मालात तीन-चार ग्राहकांचे सामान एकत्र जाते. भाडे कमी होते, पण गोदामात सामान थांबते, एकाहून अधिक वेळा उतरते आणि चढते. मोडतोड व अदलाबदल बहुतेक वेळा याच टप्प्यांवर होते. पुण्यासाठी पूर्ण गाडीला दोन-तीन दिवस लागत असतील, तर भागीतील मालाला आठवडा किंवा त्याहून अधिक लागू शकतो.

परतीच्या फेरीचा लाभही समजून घेण्यासारखा आहे. महाराष्ट्रातून माल घेऊन बेंगळुरूला आलेले वाहन रिकामे परत नेण्यापेक्षा मालक कमी भाड्यात घरसामान स्वीकारतो. दिवस थोडा मागेपुढे करण्याची तयारी असेल, तर महाराष्ट्र नोंदणीच्या परतीच्या गाडीची चौकशी करणे हितावह ठरते.

वाहन किती मोठे हवे

बाजारात वाहनाची ओळख टनांपेक्षा फुटांवरून होते. 'छोटा हत्ती' या नावाने ओळखला जाणारा टाटा एस २००५ साली बाजारात आला. त्याचा हौदा सुमारे ७ फूट लांब असून भारक्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. पिकअप प्रकारातील वाहने ८ ते ९ फूट लांबीची आणि साधारण दीड टन क्षमतेची असतात. १९८६ पासून रस्त्यावर असलेला टाटा ४०७ दोन ते अडीच टन माल नेतो. त्यापुढे १४ फुटी, १७ फुटी आणि १९ फुटी ट्रक येतात. त्यांची क्षमता अनुक्रमे साडेतीन ते चार, पाच आणि सात टनांच्या आसपास असते.

घरसामानाने गाडी वजनाने भरत नाही, आकारमानाने भरते. कपाट, पलंग, गाद्या, धुलाई यंत्र आणि खोकी यांना जागा लागते. म्हणून अंदाज घनफुटांत काढावा. १४ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ६ फूट उंच हौद्यात ५०४ घनफूट जागा मिळते. १७ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच बंदिस्त गाडीत ती ७१४ घनफूट होते. घरातील प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची मोजून गुणाकार करावा, खोक्यांची भर घालावी आणि फटींसाठी त्यावर एक चतुर्थांश वाढ धरावी. दोन शयनगृहांच्या मध्यम सामानाला बहुधा १४ फुटी गाडी पुरते. जुन्या घरातील सागवानी कपाटे व भांड्यांचे पेटारे असतील, तर १७ फुटीचा विचार करावा लागतो.

गाडी लहान घेऊन त्यात सामान कोंबणे महागात पडते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार क्षमतेपेक्षा अधिक भार असल्यास २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. हौद्याच्या बाहेर बाजूला, मागे-पुढे किंवा मर्यादेपेक्षा उंच गेलेल्या सामानालाही २० हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. घरसामानाच्या बाबतीत ही दुसरी तरतूद अधिक लागू पडते, कारण मागे बाहेर आलेला पलंग किंवा वर बांधलेली सायकल सहज नजरेत येते.

गल्लीपासून महामार्गापर्यंत

चिकपेटमधील घराच्या दारात १७ फुटी ट्रक उभा राहत नाही. गल्ल्या अरुंद, दुकानांची वर्दळ अखंड आणि वरच्या मजल्यांचे जिने चिंचोळे, अशी येथील रचना आहे. शहराच्या मध्यभागात अवजड मालवाहनांवर दिवसा ठरावीक वेळी निर्बंध असतात आणि त्या वेळा वाहतूक पोलीस वेळोवेळी जाहीर करतात. परिणामी सामान हातगाडीने किंवा लहान टेम्पोने मोठ्या गाडीपर्यंत न्यावे लागते. वाहतूक कार्यालयांसाठी प्रसिद्ध असलेले कलासीपाळ्यम हे त्यासाठीचे जवळचे ठिकाण आहे. यशवंतपूर येथील देवराज अर्स ट्रक टर्मिनल महाराष्ट्राकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दिशेला पडते.

या दुहेरी चढ-उताराचा खर्च भाव विचारतानाच सांगितला पाहिजे. दूरध्वनीवर केवळ 'चिकपेट ते विटा' एवढेच सांगून घेतलेला भाव गाडी आल्यावर टिकत नाही. गल्लीची रुंदी, मजला, उद्वाहक आहे की नाही, दारापासून गाडीपर्यंतचे अंतर आणि पोहोचण्याच्या ठिकाणी गाडी अंगणापर्यंत जाते की नाही, या पाच गोष्टी लेखी कळविल्या, तर पुढचे बहुतेक वाद टळतात. शक्य असल्यास वाहतूकदाराच्या माणसाने घरी येऊन सामान पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

वाट, अंतर आणि अडथळे

बेंगळुरूहून महाराष्ट्राकडे जाणारा मुख्य मार्ग राष्ट्रीय महामार्ग ४८ हा आहे. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड, बेळगाव, निपाणी, कागल, कोल्हापूर, कराड, सातारा असा तो पुण्यापर्यंत येतो. बेंगळुरू ते कोल्हापूर अंतर सुमारे ६१० किलोमीटर, पुणे सुमारे ८४० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ९८० किलोमीटर आहे. विट्याला जाणारे वाहन कराडला महामार्ग सोडते. सोलापूर व मराठवाड्याकडे जाणाऱ्यांना चित्रदुर्गहून होस्पेट, विजयपूरमार्गे सोलापूर गाठता येते. विदर्भासाठी हैदराबादमार्गे नागपूरचा रस्ता सोयीचा ठरतो.

पावसाळ्यातील प्रवासात दोन बाबी ध्यानात ठेवाव्या लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे कोल्हापूरजवळ हा महामार्ग बंद पडला होता आणि मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळी गाडी थांबल्याचे शुल्क कोणी द्यायचे, हे आधी ठरलेले नसेल, तर ते ग्राहकाकडून मागितले जाते. दुसरी बाब सीमाभागातील तणावाची. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्रातील वाहनांवर दगडफेक झाली होती. असे प्रसंग विरळ असले, तरी तणावाच्या दिवसांत एक-दोन दिवस थांबणे शहाणपणाचे ठरते.

भाड्याचा हिशेब

एकरकमी भाव ऐकायला सोपा असतो, परंतु त्यात काय धरले आहे ते कळत नाही. म्हणून भावपत्रकात पुढील बाबी वेगवेगळ्या मागाव्यात : वाहनाचे मूळ भाडे, पथकर, बांधणीचे साहित्य, दोन्ही ठिकाणची हमाली, लहान टेम्पोचा खर्च, थांबल्यास प्रतिदिन शुल्क, विमा आणि कर. चालकाचा भत्ता व सीमेवरील खर्च मूळ भाड्यात आहे, असे स्पष्ट लिहून घ्यावे.

भाव वाजवी आहे की नाही, याचा ढोबळ पडताळा इंधनावरून घेता येतो. एका लिटरमध्ये सात किलोमीटर धावणारा ट्रक धरला, तर पुण्याच्या ८४० किलोमीटरसाठी १२० लिटर डिझेल लागेल. त्या दिवसाच्या दराने त्याची किंमत काढून त्यात पथकर मिळविला, की वाहतूकदाराचा किमान खर्च समजतो. सांगितलेला भाव या रकमेच्या जवळपास किंवा खाली असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर सामान भागीत जाणार आहे, किंवा उरलेली रक्कम वाटेत मागितली जाणार आहे.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा असल्याने पथकर गाडीमालकाच्या खात्यातून वळता होतो. त्यामुळे वाटेत 'टोलसाठी रोख पाठवा' असा निरोप आल्यास तो संशयास्पद समजावा.

हमालीविषयी राज्याराज्यांत भिन्न रीती आहेत. केरळमध्ये काम न करता केवळ पाहत उभे राहून मागितल्या जाणाऱ्या 'नोक्कुकूली' या वसुलीवर १ मे २०१८ पासून बंदी आहे. कोणत्याही राज्यात सामान उतरविण्यापूर्वी हमालीचा दर आणि माणसांची संख्या ठरविणे श्रेयस्कर.

गाडीची कागदपत्रे

आंतरराज्य मालवाहनासाठी नोंदणी प्रमाणपत्र, योग्यता प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, परवाना आणि चालकाचा अनुज्ञप्ती दस्तऐवज आवश्यक असतो. अनेक राज्यांत फिरणाऱ्या ट्रकला राष्ट्रीय परवाना लागतो. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहनांना परवान्याच्या अटीतून सूट आहे, मात्र इतर कागदपत्रे त्यांनाही लागतात. चालकाच्या अनुज्ञप्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला आहे. त्यानुसार हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहन चालवू शकते.

गाडीचा क्रमांक परिवहन मंत्रालयाच्या 'एम-परिवहन' उपयोजनात टाकल्यास वाहनाचा प्रकार, विम्याची मुदत आणि योग्यता प्रमाणपत्राची स्थिती समजते. खासगी पांढऱ्या क्रमांकपट्टीच्या वाहनात भाड्याने सामान नेणे बेकायदा असून अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

ई-वे बिल आणि जीएसटी

५० हजार रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आवश्यक आहे. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना मात्र त्यातून सूट आहे. तरीही सामानाची स्वाक्षरी केलेली यादी, 'वापरलेले घरसामान, विक्रीसाठी नाही' असे निवेदन, ओळखपत्राची प्रत आणि जुन्या व नव्या पत्त्याचा पुरावा चालकाजवळ देणे उपयुक्त ठरते.

चिकपेटसारख्या व्यापारी पेठेत येथेच एक चूक होते. गावाकडे निघालेल्या गाडीत जागा उरली, म्हणून लग्नासाठी घेतलेल्या नव्या साड्यांचे गठ्ठे किंवा एखाद्या नातेवाइकाच्या दुकानाचा माल घरसामानात ठेवला जातो. नवा माल सवलतीत बसत नाही. तपासणीत तो आढळल्यास संपूर्ण गाडी अडू शकते. नव्या वस्तूंची बिले सोबत ठेवावीत आणि दुकानाचा माल वेगळ्या कागदपत्रांवर वेगळा पाठवावा.

जीएसटीबाबतही संभ्रम असतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला माल वाहतूक संस्थेने दिलेली निव्वळ वाहतुकीची सेवा करमुक्त आहे. बांधणी, हमाली व वाहतूक अशी एकत्रित सेवा देणाऱ्या 'पॅकर्स अँड मूव्हर्स'च्या देयकावर सामान्यतः १८ टक्के दराने कर आकारला जातो. कर मागितला गेल्यास जीएसटी क्रमांक असलेले छापील देयक घ्यावे. साध्या कागदावर करासह लिहिलेली रक्कम देऊ नये.

बिल्टी : व्यवहाराचा कणा

ब्रिटिश राजवटीतील १८६५ च्या वाहक कायद्याची जागा रस्ते मालवहन अधिनियम, २००७ याने घेतली असून तो १ मार्च २०११ पासून अमलात आहे. या कायद्यान्वये सामान्य वाहकाला नोंदणी करावी लागते. 'सामान्य वाहक' या संज्ञेत माल नोंदणी करणारी कंपनी, कंत्राटदार, अभिकर्ता आणि दलाल यांचाही समावेश आहे. त्यामुळे 'गाडी आमची नव्हती, आम्ही केवळ मध्यस्थ' हा बचाव सहजासहजी टिकत नाही.

कायद्यात दोन कागद महत्त्वाचे आहेत. पहिला ग्राहकाने भरून द्यावयाचा माल रवानगीपत्राचा. त्यात सामानाचे वर्णन व मूल्य नमूद होते. दुसरा वाहकाने द्यावयाच्या माल पावतीचा. हिलाच व्यवहारात बिल्टी किंवा एलआर म्हणतात. बिल्टीत नोंदलेले वजन, नग व तपशील हे प्रथमदर्शनी पुरावा मानले जातात.

आता मुख्य मुद्दा. जादा जोखमीचा दर ठरविलेला नसेल, तर वाहकाचे दायित्व भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते आणि ते जाहीर केलेल्या मूल्यापेक्षा अधिक असू शकत नाही. समजा, पूर्ण गाडीचे भाडे २८ हजार रुपये आहे. अशा वेळी मर्यादा २ लाख ८० हजार रुपये होईल. तेच सामान भागीत ६ हजार रुपयांत पाठविले, तर मर्यादा ६० हजार रुपयांवर येईल. भाड्यातील बचत आणि भरपाईतील घट यांचे हे नाते ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. शिवाय, कर किंवा शुल्क वाचविण्यासाठी सामानाचे मूल्य १० हजार रुपये लिहिले, तर भरपाईही तेवढ्यावरच थांबते. सामान मौल्यवान असल्यास खरे मूल्य जाहीर करून वाढीव जोखमीचा दर भरणे हा कायद्यानेच दिलेला पर्याय आहे.

ग्राहकाच्या बाजूच्या तरतुदीही भक्कम आहेत. नुकसान झाल्यास वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हाच दंडक ग्राहक मंचापुढील तक्रारींनाही लागू केला. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती किंवा शासकीय आदेश अशा मोजक्या कारणांसाठीच वाहकाला सूट मिळते.

मात्र एक मुदत काटेकोरपणे पाळावी लागते. दावा दाखल करण्यापूर्वी वाहकाला लेखी सूचना देणे बंधनकारक असून ती माल नोंदविल्याच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. दूरध्वनीवरील तक्रारी आणि आश्वासनांत हे सहा महिने निघून जातात व हक्क बुडतो.

विमा आहे की केवळ शब्द

अनेक भावपत्रकांत 'विमा' म्हणून सामानाच्या मूल्याच्या काही टक्के रक्कम आकारली जाते. प्रत्यक्षात काही वेळा विमापत्र काढलेच जात नाही. ती वाहकाची स्वतःची जोखीम आकारणी असते. म्हणून रक्कम देण्यापूर्वी विमा कंपनीचे नाव, विमापत्राचा क्रमांक आणि लाभार्थी म्हणून स्वतःचे नाव असलेले प्रमाणपत्र मागावे. गाडीचा विमा हा वाहन आणि तृतीय पक्ष यांच्यासाठी असतो, त्यात घरसामान येत नाही.

अंतर्गत वाहतूक विम्यात व्यापक आणि मर्यादित जोखमीचे वेगवेगळे प्रकार असतात. वापरलेल्या वस्तूंवरील ओरखडे, पोचे, विद्युत उपकरणांतील अंतर्गत बिघाड यांना बहुधा संरक्षण नसते. रोकड, दागिने व महत्त्वाची कागदपत्रे वगळलेली असतात. ती कुटुंबाने स्वतःजवळ ठेवावीत.

गलाई व्यावसायिकांसाठी येथे वेगळी सूचना आवश्यक आहे. सोने-चांदी शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे नायट्रिक आम्लासारखे पदार्थ धोकादायक मालात मोडतात. त्यांच्या वाहतुकीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र अटी आहेत. ते घरसामानात ठेवणे बेकायदा तर आहेच, शिवाय गळती झाल्यास सामान, चालक आणि विमा दावा तिन्ही धोक्यात येतात. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरही सोबत नेऊ नये. तो व नियंत्रक वितरकाकडे जमा करून हस्तांतरण पत्र घेतल्यास नव्या गावी जोडणी मिळते.

निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस

प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा, त्यातील वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी आणि चालकाची किंवा पर्यवेक्षकाची स्वाक्षरी घ्यावी. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट व फर्निचर यांची चालू स्थितीतील छायाचित्रे बांधणीपूर्वी काढावीत. गाडी भरून झाल्यावर क्रमांकपट्टी दिसेल असे छायाचित्र घ्यावे. बिल्टीवरील गाडी क्रमांक तोच आहे, हे तेथेच पाहावे. वाटेत गाडी बदलणार असल्यास तसे लेखी कळविण्याची अट घालावी.

सामानासोबत हौद्यात बसून जाण्याची जुनी सवय अत्यंत धोकादायक आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले, परंतु ते चालकाच्या कक्षात बसून प्रवास करणाऱ्यापुरतेच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

पोहोचल्यावर नग मोजल्याशिवाय पोहोच पावतीवर स्वाक्षरी करू नये. काही मोडले किंवा कमी पडले असेल, तर 'नग क्रमांक १२ फुटलेला, क्रमांक १९ आला नाही' अशी नोंद त्याच पावतीवर करून चालकाची स्वाक्षरी घ्यावी. 'सामान सुस्थितीत मिळाले' या छापील ओळीखाली केलेली कोरी स्वाक्षरी पुढे ग्राहकाच्याच विरोधात उभी राहते.

फसवणूक आणि दाद

या व्यवसायातील सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे सामान ताब्यात आल्यावर भाव वाढविणे. गाडी वाटेत थांबवून किंवा दारात उभी करून जादा रकमेची मागणी होते. दुसरा प्रकार नामांकित कंपनीसारखे नाव व चिन्ह वापरून आगाऊ रक्कम उकळण्याचा. कार्यालयाचा प्रत्यक्ष पत्ता, वाहक नोंदणी आणि जीएसटी क्रमांक पडताळणे, आगाऊ रक्कम मर्यादित ठेवणे व ती व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या खात्यात भरणे, ही प्राथमिक दक्षता होय. भारतीय बँक संघाने शिफारस केलेल्या वाहतूकदारांची यादीही पडताळणीसाठी उपयोगी पडते. मात्र 'आयबीए मान्यताप्राप्त' हा शिक्का स्वतःच छापून घेणारेही असतात, म्हणून नाव यादीत पाहूनच विश्वास ठेवावा.

वाहक म्हणून सोपविलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ऑनलाइन रक्कम देऊन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. सेवेतील त्रुटीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने स्थलांतर करणाऱ्यांना एक मोठी सोय दिली आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बेंगळुरूच्या वाहतूकदाराविरुद्ध विट्याला स्थायिक झालेल्या कुटुंबाला सांगलीतच दाद मागता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.

इतर पर्याय आणि सोबतची कामे

सामान थोडे असेल, तर रेल्वे पार्सल सेवा स्वस्त पडते. चिकपेटपासून क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा बेंगळुरू स्थानक जवळ आहे आणि हुबळीमार्गे मिरजेकडे गाड्या जातात. दुचाकी पाठविताना इंधनाची टाकी रिकामी करावी लागते आणि नोंदणी प्रमाणपत्र व ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात.

स्वतःचे वाहन कायमचे दुसऱ्या राज्यात नेताना परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात राहणार असेल, तर नवी नोंदणी आवश्यक असते. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या 'बीएच' मालिकेतील वाहनांना ही अडचण येत नाही.

केंद्रीय कर्मचाऱ्यांना बदलीनंतर वाहतूक खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार २०१७ साली ठरलेल्या दरांत स्तर ६ व त्यावरील कर्मचाऱ्यांना ६,००० किलोपर्यंत सामानासाठी प्रतिकिलोमीटर ५० रुपये, स्तर ५ साठी ३,००० किलोपर्यंत २५ रुपये आणि त्याखालील स्तरांसाठी १,५०० किलोपर्यंत १५ रुपये अशी तरतूद होती. महागाई भत्त्यातील वाढीनुसार हे दर वाढतात. प्रतिपूर्तीसाठी बिल्टी व देयक जपून ठेवणे आवश्यक असते.

गलाईच्या भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस गावी परततो, तेव्हा त्याच्या ट्रकमध्ये बाजारभावाने फारशी किंमत नसलेल्या अनेक वस्तू असतात. आईची भांडी, मुलांच्या शाळेतील चषक, पहिल्या दुकानाची पाटी अशा वस्तूंची भरपाई कोणत्याही कायद्याने होत नाही. त्या सुखरूप पोहोचाव्यात यासाठी करता येण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत : योग्य आकाराची गाडी, खरे मूल्य लिहिलेली बिल्टी, स्वतःच्या नावाचे विमापत्र आणि नग मोजून केलेली स्वाक्षरी. या चार गोष्टींसाठी लागणारा वेळ एका दुपारीपेक्षा अधिक नाही.